मानसशास्त्र पाठ झालं, पण वॉर्डात ते दिसतं कुठे?

साखळीची_पोर

बीएस्सी नर्सिंग, पहिलं सेमिस्टर. उपयोजित मानसशास्त्राची असाइनमेंट आली आहे: रोजच्या जगण्यात आणि वॉर्डात दिसणारं मानसशास्त्र, उदाहरणांसह. अवधान, स्मृती, अभिसंधान (कंडिशनिंग), प्रेरणा, संरक्षण यंत्रणा (मन स्वतःला वाचवायला वापरतं त्या युक्त्या), सगळ्या व्याख्या पाठ आहेत. पण वॉर्डात गेलं की टीपीआर (ताप, नाडी, श्वास), बीपी, बेडमेकिंग, चार्ट. यात पाव्हलॉवचा कुत्रा (घंटा ऐकूनच लाळ गाळायला शिकलेला) कुठे बसवायचा तेच कळत नाही. सीनियर्सच्या फायली चाळल्या, तर पानोपानी 'परिचारिकेने रुग्णाशी प्रेमाने बोलावे'. ते काय, मानसशास्त्र न शिकताही कळतं.

आणखी दोन गोष्टी. आमच्या बॅचमधल्या दोघी-तिघींना ड्रेसिंग बघताना घेरी येते आणि त्यांना 'मन घट्ट कर' एवढंच सांगतात. हे मनाचं आहे की शरीराचं? दुसरं म्हणजे गोव्यात साखळीहून पणजीला बस बदलून बांबोळीच्या कॉलेजला जायचं-यायचं, त्यात बराच वेळ जातो. बसमध्ये वाचलेलं डोक्यात राहत नाही. उपाय असेल तर सांगा.

टीपीआर_तक्ता

बाहेर काही शोधायला नको. टीपीआरचा तक्ता उघड आणि वॉर्डातल्या सगळ्यांचे श्वास एकाखाली एक वाच. १८, २०, २०, १८, २०. कुणाला दमा, कुणाला ताप, कुणी काल ऑपरेशन होऊन आलेला, आणि सगळे अठरा-वीसनेच श्वास घेतायत. हे तुझं पहिलं उदाहरण, आणि ते रुग्णाचं नाही, मोजणाऱ्याचं आहे. मोठ्या माणसाचा नॉर्मल १२ ते २० हे डोक्यात बसलेलं असतं. घाईत डोळा जे अपेक्षित तेच बघतो आणि हात तेच लिहितो.

त्यात गणिताचीही भर पडते. १५ सेकंद मोजून चारने गुणलं की उत्तर १६, २० किंवा २४ असंच येणार, १८ येऊच शकत नाही. शिवाय एक श्वास निसटला की थेट चारचा फरक. म्हणून पूर्ण मिनिट मोजायचं. आणि 'आता तुमचा श्वास मोजते हं' असं सांगायचं नाही. सांगितलं की माणूस श्वासाकडे लक्ष देतो आणि लक्ष दिलं की श्वास बदलतो. नाडी मोजून झाली तरी मनगट सोडू नकोस, रुग्णाचा तोच हात त्याच्या छातीवर आडवा ठेव, घड्याळाकडे बघत राहा आणि हाताचं वर-खाली होणं मोज. रुग्णाला वाटतं अजून नाडीच चाललीय.

बीपीत हीच गंमत वेगळ्या रूपात आहे. डायलच्या मशीनवर दर २ मिमीला एक रेघ असते. म्हणजे शेवटचा आकडा ०, २, ४, ६, ८ यांपैकी कुठलाही येऊ शकतो आणि शून्य साधारण पाचातून एकदा यायला हवं. वहीतली शंभर रीडिंग घे आणि शेवटी शून्य असलेली मोज. वीसच्या आसपास आली तर ठीक. साठ-सत्तर आली तर लिहिणाऱ्यांना शून्याची ओढ आहे. डायलच्या मशीनवर १२५ लिहिलेलं दिसलं तर तेही अंदाजाचंच, तिथे रेघच नसते. (डिजिटल मशीनवर विषम आकडे येतात, ती रीडिंग वेगळी काढ.) उपाय सोपा आहे: हवा सेकंदाला २ ते ३ मिमीने सोडायची आणि आधीचं रीडिंग न बघता मोजायचं. चार्टवर आधीचं १५० बघितलं की त्याच्या जवळ आल्यावर कान आपोआप आवाज 'ऐकतात'.

रुग्णाच्या बाजूने पांढऱ्या कोटाचं बीपी आहेच. अनोळखी जागा, गणवेश, दाबला जाणारा दंड, यानेच आकडा चढतो. पाच मिनिटं शांत बसवायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सपाट, मांडीवर मांडी नाही, दंड हृदयाच्या पातळीला आधार देऊन, लघवीला जाऊन आलेला, अर्ध्या तासात चहा-कॉफी-विडी नाही. आणि मोजताना बोलायचं नाही. हे शेवटचं आपणच मोडतो, कारण कफ (दंडाचा पट्टा) फुगवता फुगवता 'कुठलं गाव, कोण आलंय बरोबर' विचारायची सवय असते. प्रेमाने बोलावे हे खरं, पण कफ काढल्यावर. मिनिटभराने दुसरं रीडिंग घ्यायचं.

आता वेदना. 'दुखत नाही ना?' असं विचारलं तर बहुतेक जण 'नाही' म्हणणार, विशेषतः म्हाताऱ्या बायका. त्यांना सिस्टरला त्रास द्यायचा नसतो, आणि प्रश्नातच उत्तर ठेवलेलं असतं. 'आता कुठे दुखतंय आणि किती?' असं विचार. शून्य ते दहाची पट्टी सांगताना दोन्ही टोकं समजावून दे: शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही. स्वस्थ पडून असताना विचारून भागत नाही, कुशीवर वळताना आणि खोकताना किती तेही विचार. पोटाच्या ऑपरेशननंतर स्वस्थ पडलेला माणूस दोन म्हणतो आणि खोकायला सांगितलं की सात. तो सात लपवून खोकत नाही, कफ साचतो आणि मग ताप. कोकणीत 'खंय दुखता?' ने काम होतं. कानडी मजूर हिंदीत विचारल्यावर सगळ्यात छोटं उत्तर देतो, त्यामुळे त्याला बोटं दाखवायला सांग किंवा चेहऱ्यांची पट्टी दे.

बालवॉर्ड_रात्रपाळी

पाव्हलॉवचा कुत्रा आमच्याकडे रोज सकाळी भेटतो. स्पिरिटचा बोळा उघडला की सुई दिसायच्या आधीच मूल रडायला लागतं. सुई हा नैसर्गिक उद्दीपक, दुखून रडणं ही नैसर्गिक प्रतिक्रिया, स्पिरिटचा वास हा अभिसंधित उद्दीपक आणि वासालाच येणारं रडू ही अभिसंधित प्रतिक्रिया. पुढे मूल ट्रे बघून रडतं, मग पांढरे कपडे घातलेल्या कुणालाही बघून, अगदी जेवण घेऊन येणाऱ्या बाईलाही. हे सामान्यीकरण. केमोथेरपीच्या रुग्णांत याचं मोठ्या माणसाचं रूप दिसतं: औषध सुरू व्हायच्या आधी, वॉर्डाच्या दारातच मळमळ. त्याला नाटक म्हणू नये.

तोडायचं कसं? सुई नसतानाही त्या मुलाकडे जायचं. दिवसातून तीन-चार वेळा रिकाम्या हातांनी, दोन मिनिटं. गणवेश आला आणि काही दुखलं नाही, असं पुन्हा पुन्हा झालं की बंध सैल होतो. पण दोन दिवस सुट्टी पडली आणि परत आलं की रडू पुन्हा उसळतं. त्याला उत्स्फूर्त पुनःप्राप्ती म्हणतात. इथे विद्यार्थिनी 'सगळं वाया गेलं' म्हणून सोडून देतात. सोडायचं नाही, दुसऱ्या खेपेला ते लवकर विरतं.

प्रत्यक्ष इंजेक्शनच्या वेळी: औषध मुलासमोर भरायचं नाही. मुलाला आडवं पाडून चौघींनी धरायचं नाही, आईच्या मांडीवर छाती आईकडे करून उभट बसवायचं. पडलेल्या आणि दाबलेल्या मुलाची भीती आणखी वाढते. लहान मुलाला ऐन वेळी, क्षणभर आधी सांगायचं, शाळकरी मुलाला थोडा वेळ मिळेल असं सांगायचं. फुंकर मारायला सांगायची, हळू आणि लांब. मोठ्या मुलांसाठी खोकल्याची युक्ती आहे: एकदा आधी खोकायला सांगायचं आणि दुसऱ्या खोकल्याबरोबर सुई. मान मागे फिरवून तिसऱ्याच गोष्टीकडे लक्ष वेधणंही चालतं. मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेला वेदनेच्या दाराचा सिद्धांत तुमच्या पुस्तकात असेल. टोचायच्या जागेच्या बाजूला चोळल्यावर कमी का दुखतं, ते तिथे वाच.

शब्दांबद्दल. 'आता खूप दुखणार, घट्ट राहा' म्हटल्याने दुखणं वाढतं, ही सूचनेची उलटी बाजू. आणि 'काहीच होणार नाही' म्हटलं तर खोटं पडतं, मग पुढच्या वेळी तुझ्या कुठल्याच शब्दावर विश्वास नाही. मधला मार्ग: 'थंड लागेल, मग थोडं टोचल्यासारखं, तू पाचपर्यंत मोज.' पणजीला जुन्या सचिवालयाजवळ आबे फारियांचा पुतळा आहे ना, बाईवर हात पसरून उभे? बस त्याच वाटेने जात असेल तर एकदा उतरून बघ. कांदोळीत १७५६ साली जन्मलेला हा माणूस पॅरिसमध्ये सांगत होता की संमोहन करणाऱ्याच्या अंगातून कुठलीही चुंबकीय शक्ती निघत नाही, जे होतं ते समोरच्याच्या स्वतःच्या एकाग्रतेने आणि सूचनेने होतं. त्या काळात ही मोठी उडी होती. असाइनमेंटमध्ये मेस्मर (तीच चुंबकीय शक्ती मानणारा) सगळेच लिहितील, फारिया तू लिही.

दोन महिने ते सात वर्षांच्या, नीट सांगू न शकणाऱ्या मुलांसाठी वेदना मोजायची फ्लॅक पट्टी आहे: चेहरा, पाय, हालचाल, रडणं, समजावल्यावर शांत होणं. प्रत्येकी ० ते २, एकूण १०. यातलं 'समजावल्यावर' सगळे विसरतात. त्यासाठी मुलाला खरंच उचलून बघावं लागतं, दारातून गुण देता येत नाहीत.

ओटी_फोंडा

घेरीबद्दल. 'मन घट्ट कर' हा सल्ला निरुपयोगी आहे आणि 'दीर्घ श्वास घे, सैल पड' हा तर उलटा. साप किंवा उंचीच्या भीतीत नाडी आणि बीपी वाढतात. रक्त-जखमेच्या भीतीत आधी थोडे वाढतात आणि मग झपकन खाली येतात, मेंदूला रक्त कमी पडतं, माणूस कोसळतो. खाली आलेलं बीपी सैल पडून आणखी खाली जाणार.

उपयोगी पडतो तो ताण देण्याचा व्यायाम, स्वीडनच्या ओस्ट यांनी बसवलेला. दंड, मांड्या, पोट एकदम आवळायचं, १० ते १५ सेकंद, चेहरा गरम झाल्यासारखा वाटेपर्यंत. मग २० ते ३० सेकंद सोडायचं, पण पूर्ण ढिलं नाही, नेहमीच्या स्थितीला यायचं. असं पाच वेळा. घरी खुर्चीत रोज सराव करावा आणि मग ड्रेसिंगच्या आधीच सुरू करावं, घेरी आल्यावर नाही. श्वास रोखायचा नाही.

बाकी साध्या गोष्टी: उपाशी यायचं नाही, पेज असो की पाव, पण काहीतरी खाऊन. गुडघे ताठ लॉक करून उभं राहायचं नाही. कान बंद झाल्यासारखे वाटले, घाम आला, समोरचं पिवळट दिसायला लागलं की दोन पावलं मागे आणि मोठ्याने 'मला घेरी येतेय' म्हणून भिंतीला टेकून खाली बसायचं. लाजून उभी राहते ती ट्रॉलीवर पडते. आणि आणखी एक, दारातून पळून जायची सवय लावायची नाही. पळाल्यावर जो सुटकेचा आनंद मिळतो तोच पुढच्या वेळी पळायला शिकवतो. पुस्तकात हे ऋण प्रबलन म्हणून आहे, परीक्षेला हमखास येतं.

औषधाची_ट्रॉली

टीपीआर_तक्ता यांनी सांगितलेला 'प्रश्नातच उत्तर' हा मुद्दा औषधं देताना जिवावर बेततो, म्हणून त्यावरच लिहिते.

गोव्यातल्या कुठल्याही वॉर्डात एका वेळी दोन नाईक, दोन गावडे, दोन फर्नांडिस सापडतील. 'तुम्ही नाईक ना?' विचारलं की कमी ऐकू येणारा, झोपेतला, घाबरलेला माणूस 'हो' म्हणतो. तो नाईक नसला तरी म्हणतो. गणवेशातला माणूस काही विचारतोय, तर होकार देणं सोपं. म्हणून 'तुमचं पूर्ण नाव सांगा' आणि मग मनगटावरची पट्टी किंवा केस पेपरचा नंबर. बेड नंबर ही ओळख नव्हे, संध्याकाळी बेड बदललेले असतात.

पुढे अवधान. डोक्यात एका वेळी किती मावतं? मिलर यांचा १९५६ चा सात अधिक-उणे दोन हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. नंतरच्या संशोधनात, पुटपुटून घोकायला मिळालं नाही तर तो चारच्या आसपास येतो असं दिसलं. वॉर्डात घोकायला कोण देतंय? फोनवर डॉक्टर औषधाचं नाव, मात्रा, मार्ग, वेळ सांगतात तेव्हाच चार खण भरले. पाचवी गोष्ट म्हणजे 'सिस्टर, सलाईन संपलं', आणि पहिली बाहेर पडते. फोन कानाला असतानाच लिहायचं आणि लिहिलेलं वाचून दाखवायचं. आठवणीतून परत सांगणं म्हणजे वाचून दाखवणं नाही.

दुहेरी तपासणी बहुतेक ठिकाणी नावापुरती होते. पहिली म्हणते, 'एकवीस थेंब, बघ बरोबर आहे ना?' दुसरी बघते आणि तिला एकवीसच दिसतं. याला पुष्टीचा कल म्हणतात. खरी तपासणी अशी: १५०० मिली सलाईन २४ तासांत द्यायचंय, सेट १ मिलीला २० थेंबांचा. पहिली कागदावर करते, दुसरी दुसऱ्या कागदावर, एकमेकींचं न बघता. १५०० गुणिले २०, भागिले १४४० मिनिटं, म्हणजे २०.८, म्हणून मिनिटाला २१ थेंब. आता दुसरीने पाकीट वाचलं आणि सेट १५ थेंबांचा निघाला तर तिचं उत्तर १६ येईल. दोन उत्तरं जुळली नाहीत म्हणून चूक सापडली. आधी 'एकवीस' ऐकलं असतं तर पाकीट वाचलंच नसतं.

अँपूलचंही तेच. पोटॅशियम क्लोराइडचा १० मिलीचा अँपूल, १५ टक्क्यांचा, त्यात २० मिलिइक्विव्हॅलंट. तो थेट शिरेत देणं प्राणघातक. आणि तो पाण्याच्या १० मिलीच्या अँपूलसारखाच दिसतो. ज्या खणात रोज पाणी असतं त्या खणातून हात जे काढेल ते डोळ्याला पाणीच वाटतं. लेबल तीनदा वाचायचं ते याचसाठी: काढताना, भरताना, रिकामा अँपूल टाकताना. रात्रपाळीला पहाटे तीन ते पाच हा शरीराच्या घड्याळाचा सगळ्यात खालचा टप्पा, त्या वेळची हिशेबाची औषधं एकटीने भरू नये.

हँडओव्हर देताना पहिल्या आणि शेवटच्या बेडचं सगळ्यांना आठवतं, मधले धूसर होतात. स्मृतीचे प्रयोग करणाऱ्या एबिंगहाऊसपासून माहीत असलेला हा क्रमाचा परिणाम. म्हणून बेड एकपासून सुरू न करता सगळ्यात गंभीर रुग्णापासून करावं, जमेल तिथे बेडजवळ उभं राहून.

जुना_परीक्षक

वर सगळं चांगलं आहे, पण परीक्षेत हे असं लिहून गुण मिळत नाहीत. कुब्लर-रॉसच्या पाच अवस्था, मास्लोचा गरजांचा पिरॅमिड, फ्रॉइडच्या संरक्षण यंत्रणा, क्रमाने आणि आकृतीसह. असाइनमेंटमध्ये निदान एक रुग्ण 'नकाराच्या अवस्थेत' आणि एक 'स्वीकाराच्या अवस्थेत' दाखवावा.

मनोविभाग_सिस्टर

परीक्षेत लिही, वॉर्डच्या नोट्समध्ये लिहू नकोस. कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये हे मांडलं ते मरणाच्या वाटेवरच्या रुग्णांशी बोलून. नकार, राग, घासाघीस, खिन्नता, स्वीकार. माणसं या क्रमाने जात नाहीत, काही एका दिवसात दोन-तीन अवस्थांमधून फिरून येतात, काहींना यातलं काहीच होत नाही. 'पेशंट इन डिनायल' लिहिलं की पुढची पाळी त्याच्याशी बोलणंच थांबवते. त्याऐवजी तो जे बोलला ते त्याच्याच शब्दांत लिही: 'रुग्ण म्हणतो, पुढच्या महिन्यात लग्नाला जायचंय.' आणि आपल्याकडे बरेचदा तो नकार नसतोच, त्याला सांगितलेलंच नसतं. नातेवाईकांनी दारात डॉक्टरांना गाठून 'त्यांना सांगू नका' म्हटलेलं असतं. अशा रुग्णाने तुला 'माझं काय आहे गो?' विचारलं तर उत्तर देणं विद्यार्थिनीचं काम नाही, खोटं बोलणंही नाही. 'तुम्हाला आतापर्यंत काय सांगितलंय?' असं विचार, ऐक, आणि 'तुम्हाला विचारायचं आहे, हे मी डॉक्टरांना सांगते' म्हण. आणि खरंच सांग.

संरक्षण यंत्रणेचं जिवंत उदाहरण म्हणजे विस्थापन. नातेवाईक डॉक्टरांवर चिडू शकत नाही, पाण्याच्या बाटलीवरून विद्यार्थिनीवर चिडतो. चालता चालता उत्तर दिलं तर आवाज वाढतो. थांबायचं, तोंड त्यांच्याकडे करायचं, त्यांचं वाक्य पूर्ण होऊ द्यायचं आणि वेळ सांगायची: 'विचारून दहा मिनिटांत येते.' उत्तर मिळालं नाही तरी दहाव्या मिनिटाला जाऊन तेवढंच सांगायचं.

गोव्यात एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून बघ. हाडवैद्यक वॉर्डात पाय मोडून आलेला धडधाकट माणूस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थरथरतो, घामाघूम, भिंतीवर किडे दिसतात म्हणतो, सलाईन उपटतो. वॉर्ड म्हणतो वेड लागलं. बहुतेकदा ती दारू अचानक बंद झाल्याची लक्षणं असतात. थरथर पहिल्या दिवसातच सुरू होते, भ्रम आणि बडबड साधारण ४८ ते ९६ तासांत. ही तातडीची वैद्यकीय अवस्था आहे, बांधून ठेवायची गोष्ट नाही. चूक अ‍ॅडमिशनच्या वेळी होते. 'दारू पिता का?' बायको-मुलांसमोर विचारलं तर उत्तर 'कधीतरी'. नातेवाईकांना बाहेर पाठव आणि गृहीत धरून विचार: 'रोज किती लागते, क्वार्टर की हाफ? फेणी असेल तर किती ग्लास? शेवटची कधी घेतली?' क्वार्टर म्हणजे १८० मिली. आवाजात नवलही नको, नाराजीही नको. शेवटची कधी, हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, त्यावरून तास मोजता येतात.

उदासीनताही आपल्याकडे 'मन उदास आहे' म्हणत येत नाही. अंग दुखतं, झोप नाही, अशक्तपणा, घुंवळ (चक्कर) येते, असं म्हणत येते आणि टॉनिक घेऊन परत जाते. दोन प्रश्न विचारायला शीक: गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटेनासा झालाय का, आणि मन खिन्न, निराश असतं का. होकार आला तर वरिष्ठ सिस्टरला सांग. हे काम इथे गोव्यातच मोठ्या प्रमाणावर झालंय. १९९६ मध्ये इथे सुरू झालेल्या 'संगाथ' संस्थेने डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या साध्या समुपदेशकांकडून प्राथमिक पातळीवर उपचार देऊन बघितले आणि ती मानस चाचणी २०१० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली. बांबोळीत शिकणाऱ्या मुलीने असाइनमेंटमध्ये अमेरिकेचीच उदाहरणं का द्यावीत? आणि तुम्हा मुलींपैकी कुणाला स्वतःसाठी बोलायचं असेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो.

साखळीची_पोर

एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांना धन्यवाद. दोन शंका. सारखी बेल वाजवणाऱ्या रुग्णाला सगळे 'लक्ष वेधून घेतो' म्हणतात, ते कुठल्या धड्यात बसेल? आणि बसमधल्या अभ्यासाचं राहिलंच.

टीपीआर_तक्ता

बेल म्हणजे स्किनर, बक्षिसाने सवय कशी लागते ते दाखवणारा. पहिल्या तीन बेलना कुणी जात नाही, चौथीला जातं, कधी सातवीला. याला परिवर्ती गुणोत्तर प्रबलन म्हणतात आणि त्याने लागलेली सवय सगळ्यात चिवट. मांडवीतल्या कॅसिनोची यंत्रं याच तत्त्वावर पैसे काढतात. म्हणजे बेल वाजवायला त्याला वॉर्डानेच शिकवलं. उलट करायचं: बेल न वाजवता दर तासाला जायचं आणि चार गोष्टी विचारायच्या. दुखतंय का, कूस बदलायची का, लघवी-शौचाला जायचं का, पाणी-चष्मा-फोन हाताशी आहे का. निघताना 'पुन्हा अकराला येते' असं सांगायचं. अकराला गेलं नाही तर सगळं पाण्यात. आणि 'लक्ष वेधतो' असं ठरवून एखाद्या बेलकडे दुर्लक्ष करायचं नाही, त्यातली एक छातीत दुखल्याची असते.

अभ्यासाचं: बसमध्ये वाचू नकोस, आठव. रोडिगर आणि कारपिके यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना उतारा देऊन पाहिलं. काहींनी तो पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून कोऱ्या कागदावर आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे, आठवड्याने आठवणारे बरेच पुढे. पुन्हा वाचल्यावर 'येतंय' असं वाटतं, ती ओळखीची भावना असते. घरी रात्री १५ मिनिटं वाच, सकाळी साखळीहून पणजीपर्यंत पुस्तक पिशवीत ठेवून बारा कपालतंत्रिका (मेंदूतून निघणाऱ्या नसा) मनात म्हण, अडलेल्याच तेवढ्या पणजी स्टँडवर उघडून बघ. मग दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, दहाव्या दिवशी. विसरणं पहिल्याच दिवसात सगळ्यात जास्त होतं, हे एबिंगहाऊस यांनी १८८५ मध्ये निरर्थक अक्षरं पाठ करून दाखवलं, त्यामुळे पहिली उजळणी आठवड्यावर ढकलू नकोस. 'मी बघून शिकणारी, ती ऐकून शिकणारी' असं काही असाइनमेंटमध्ये लिहू नकोस, त्या पद्धतीने शिकवल्याने गुण वाढतात याला पुरावा मिळालेला नाही.

औषधाची_ट्रॉली

डिस्चार्जचं एक राहिलं, तेही उदाहरण म्हणून घे. मधुमेहाच्या रुग्णाला सगळं सांगून झाल्यावर 'समजलं?' विचारलं की 'हो सिस्टर'. त्याऐवजी 'घरी कसं घेणार ते मला करून दाखवा' म्हण. तेव्हा कळतं की धुरकट इन्सुलिनची बाटली कुणी जोरात हलवतंय, कुणी हलवतच नाही, हलकेच तळहातात फिरवायचं हे निसटलंय. एका वेळी तीनच गोष्टी सांगायच्या. आणि वेळ घड्याळाला बांधण्यापेक्षा रोजच्या कामाला बांधायची: 'शीत (भात) चुलीवरून उतरवलं की सुई, मग अर्ध्या तासाने जेवण' (हे साध्या रेग्युलर इन्सुलिनचं, दुसऱ्या प्रकारांची वेळ वेगळी). 'साखर बंद' एवढंच सांगितलं तर चहातली साखर बंद होते आणि सकाळी दहाच्या दोन वाट्या पेज, उंडे (गोव्याचे पाव), गूळ चालूच राहतात, कारण त्यांच्या हिशेबी ती साखर नव्हे.

मनोविभाग_सिस्टर

लिहायची पद्धत सांगून ठेवते. प्रत्येक उदाहरणाला चार ओळी: काय दिसलं (फक्त कृती, अर्थ नाही), किती वेळा दिसलं, कुठली संकल्पना लागते, आणि याचं दुसरं काय कारण असू शकेल. चौथी ओळ सगळे गाळतात. मूल स्पिरिटच्या वासाने रडलं की भुकेने? बीपी घाबरून चढलं की सकाळची गोळी चुकली? तपासून लिही. बीपीच्या शंभर आकड्यांचं काम करायचं असेल तर वही काढण्याआधी इनचार्जना विचार आणि ती कुणा एका स्टाफवर बोट दाखवणारी होऊ देऊ नकोस, सगळ्या पाळ्या एकत्र मोज. नाव, बेड नंबर, केस पेपरचा नंबर लिहायचा नाही. गावही नको. गोव्यात वाडा आणि आडनाव लिहिलं की माणूस कोण ते वाचणाऱ्याला कळतं. 'साठीतली स्त्री, मेडिकल वॉर्ड' एवढं पुरे.